भिंतीवरची अक्षरे आणि घरातली पुस्तके

रायपूरच्या पुरानी बस्तीत फिरताना भिंती वाचायची सवय असलेल्याला कंटाळा येत नाही. निवडणूक आली की नारे, ती सरली की शिकवणी वर्गांच्या जाहिराती, लग्नघराच्या दाराशी गणपती आणि वरवधूंची नावे. जवळच्याच दूधाधारी मठाच्या मंदिरात मराठा काळातील मानली जाणारी भित्तिचित्रे आहेत. थोडक्यात, या वस्तीला रंगवलेली भिंत नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की आता महाविद्यालयात जाणारी मुले इंटरनेटवर परदेशी भिंतींची चित्रे पाहतात आणि एक दिवस घरात विचारतात, “असे काही आपल्याकडे झाले आहे का? त्यावर काय वाचू?”

प्रश्न ऐकून बहुतेक घरांत आधी भीतीच डोके वर काढते. चित्र ठीक आहे, पण बंडखोर राजकारण कशाला? छत्तीसगडात ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. डॉ. विनायक सेन यांना रायपूरच्या सत्र न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली जन्मठेप सुनावली, तेव्हा त्यांच्याजवळ सापडलेली पत्रे आणि साहित्य हा खटल्यातील पुराव्याचा भाग होता. एप्रिल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या वेळी न्यायमूर्तींनी एक साधी गोष्ट विचारली. घरात गांधीजींचे आत्मचरित्र सापडले म्हणून कोणी गांधीवादी ठरतो का? मग माओवादी साहित्य सापडले म्हणून माणूस माओवादी कसा ठरेल?

हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवावा असा आहे. मुलाच्या हातातले पुस्तक काढून घेण्यापेक्षा त्याच्या शेजारी दुसरे चांगले पुस्तक ठेवणे अधिक शहाणपणाचे. आणि अशी पुस्तके शोधायला पॅरिस किंवा न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. सुरुवात घराजवळूनच होते.

लाखेनगर कोणाच्या नावाने?

पुरानी बस्तीला लागूनच लाखेनगर आहे. तिथून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल? वामनराव लाखे यांचा जन्म 1872 चा. इंग्रज सरकारने त्यांना 1916 मध्ये ‘रायसाहेब’ केले आणि 1920 मध्ये त्यांनी ती पदवी परत केली. लोकांनी त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी दिली. 1930 च्या सत्याग्रहात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोक ‘पांडव’ म्हणत. त्यांत युधिष्ठिर होते वामनराव लाखे, भीम होते पुरानी बस्तीतील जैतूसाव मठाचे महंत लक्ष्मीनारायण दास, अर्जुन ठाकूर प्यारेलाल सिंह, नकुल मौलाना अब्दुल रऊफ आणि सहदेव शिवदास डागा. एक मराठी, एक महंत, एक मौलाना! आजच्या पोस्टरवर इतक्या सहज कोणी इतकी माणसे एकत्र काढेल का, याची शंकाच आहे.

याच लाख्यांनी जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे प्रकाशन अंगावर घेतले. ते पेंड्र्याहून निघे. संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर. मासिक जेमतेम तीन वर्षे चालले. पण सप्रे यांची खरी कहाणी त्यानंतरची आहे, आणि राजकारणाचे वेड लागलेल्या प्रत्येक तरुणाने ती वाचायला हवी.

सप्रे 1871 चे. मातृभाषा मराठी, लेखणी हिंदीची. 1906 मध्ये त्यांनी स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीवर हिंदीत पुस्तक लिहिले. ते पुढे सरकारने जप्त केले. 1907 मध्ये लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’च्या धर्तीवर त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. ऑगस्ट 1908 मध्ये त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. इथवर ही गोष्ट कोणत्याही देशभक्ताची वाटते. पण घरच्यांचा दबाव इतका वाढला, की सप्रे यांनी माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले.

बाहेर आल्यावर मात्र ते स्वतःला माफ करू शकले नाहीत. सार्वजनिक जीवनातून बाजूला होऊन ते रामदासी पंथाच्या आश्रयाला गेले, माधुकरी मागून राहिले. त्या काळातून बाहेर पडताना त्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला, आणि मग टिळकांचे ‘गीतारहस्य’. ज्या टिळकांच्या नावाने पत्र काढून ते तुरुंगात गेले आणि माफी मागून परतले, त्यांचाच ग्रंथ हिंदी भाषकांपर्यंत त्यांनी पोहोचवला. 1926 मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले.

नॅशनल बुक ट्रस्टने त्यांच्या लेखनाचे संकलन काढले आहे. पुस्तक हिंदीत आहे, पण रायपूरच्या मराठी घरांना हिंदीची काय अडचण? वीरांची चरित्रे पुष्कळ मिळतात. वाकलेला आणि पुन्हा उभा राहिलेला माणूस पुस्तकांत क्वचित भेटतो. आंदोलनात उतरू पाहणाऱ्या मुलाला, आणि त्याच्यावर दबाव आणणाऱ्या घरच्यांनाही, सप्रे सारखेच उपयोगी आहेत.

लोखंडाच्या खाणीतले राजकारण

रायपूरच्या जयस्तंभ चौकाशी सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांची आठवण जोडलेली आहे. दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी उघडल्याबद्दल ते पकडले गेले आणि 10 डिसेंबर 1857 रोजी त्यांना फाशी झाली. बराच काळ हे नाव विस्मरणात गेले होते. ते पुन्हा लोकांच्या तोंडी आणण्यात दल्ली-राजहराच्या खाणकामगारांचा मोठा वाटा आहे. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली.

नियोगींवरचे ‘संघर्ष और निर्माण’ हे अनिल सद्गोपाल आणि श्यामबहादूर नम्र यांनी संपादित केलेले हिंदी पुस्तक जाडजूड आहे. एका बैठकीत वाचण्याचे ते नव्हेच. पण कामगार संघटना म्हणजे फक्त संप, असे समजणाऱ्याने ते जरूर चाळावे. या कामगारांनी दारूबंदीची मोहीम चालवली आणि 1977 च्या गोळीबारात मेलेल्या साथीदारांच्या नावाने 1983 मध्ये स्वतःचे ‘शहीद हॉस्पिटल’ उभे केले. भिंतीवर घोषणा लिहिणे सोपे, तीच भिंत इस्पितळाची बांधणे अवघड.

दिवाणखान्यातील वारली

आता चित्रांकडे. मराठी घरांत आज वारली चित्र कुठे नसते? चहाचा ट्रे, पडदे, कुर्ते, शाळेची भिंत. पण मूळ वारली चित्र हे लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढलेले चौक असतात. यशोधरा डालमिया यांचे ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज्’ हे 1988 चे इंग्रजी पुस्तक त्याची चांगली ओळख करून देते.

मात्र ते एकटे वाचू नये. त्याच्या जोडीला गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ घ्यावे. 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जे बंड केले त्याची ही कहाणी, त्यात प्रत्यक्ष उतरलेल्या बाईने सांगितलेली. तिला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे पुस्तक वाचल्यावर ट्रेवरची ती नाचणारी माणसे निराळी दिसू लागतात. ज्यांचे चित्र आपण कौतुकाने टांगतो त्यांच्याकडून जमीनदार फुकट राबवून घेत होते, हे कळल्यावर चित्र कमी सुंदर होत नाही, उलट त्याला अर्थ येतो. एखाद्या घरात या यादीतले एकच पुस्तक जाणार असेल, तर ते हेच असावे.

छत्तीसगडलाही असेच एक घर आहे. सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांना नवऱ्याने वर्षानुवर्षे बाहेरच्या जगापासून तोडून ठेवले. लहान मुलाला खेळायला काही हवे म्हणून त्यांनी मातीची खेळणी केली, मग भिंतींवर पक्षी, प्राणी, माणसे उठवली, उन्हासाठी मातीच्या जाळ्या घडवल्या. हे कोणाला दाखवण्यासाठी नव्हतेच. 1983 मध्ये त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. स्टीफन हायलर यांचे ‘सोनाबाई’ हे सचित्र इंग्रजी पुस्तक महागडे आहे, ग्रंथालयात मिळाले तर पाहावे. यात कसले आले राजकारण, असे कोणी विचारील. कोंडलेल्या बाईने कोंडणाऱ्या भिंतीचेच जे केले, त्याला दुसरे काय म्हणावे?

भिंतीवरून पुस्तकात

लहान-मोठ्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावे असे पुस्तक म्हणजे ‘भीमायन’. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चित्रकथा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे चित्रकार परधान गोंड. शेजारच्या मध्य प्रदेशातील त्यांच्या समाजात घराची जमीन आणि भिंती रंगवण्याची ‘डिगना’ ही रीत आहे. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा.

इतर चित्रकथांप्रमाणे पानावर चौकटी आखायला या दांपत्याने नकार दिला. माणसांना डब्यांत कोंडायचे नाही, असा त्यामागचा विचार. चौकटींऐवजी डिगन्याच्या नक्षीने पान विभागलेले आहे. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, तर विखारी बोलणाऱ्याचे विंचवाच्या नांगीच्या आकारात येतात. शाळेत पाण्यासाठी ताटकळणारा भीम, बडोद्यात राहायला जागा न मिळालेला उच्चशिक्षित तरुण, हे सारे मराठी वाचकाला ठाऊक असते. तरीही चित्रांत ते पाहताना पोटात कालवते.

चित्तप्रसाद यांचे ‘हंग्री बेंगाल’ मात्र मुलांच्या हाती देण्याआधी मोठ्यांनी पाहून घ्यावे. 1943 च्या दुष्काळात मिदनापूर भागात फिरून त्यांनी काळ्या शाईत मरणारी माणसे रेखाटली. इंग्रज सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबीयांनी जपलेल्या एका प्रतीवरून ते 2011 मध्ये पुन्हा छापले गेले. पुढे हे चित्रकार मुंबईत अंधेरीला राहिले.

रस्त्यावरच्या नाटकाविषयी वाचायचे तर सुधन्वा देशपांडे यांचे ‘हल्ला बोल’ हे 2020 चे इंग्रजी पुस्तक आहे. 1 जानेवारी 1989 रोजी साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मी आणि त्यांच्या साथीदारांवर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार त्यात मेला, दुसऱ्या दिवशी सफदर गेले. 4 जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री सोबत्यांना घेऊन त्याच जागी परतल्या आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पुरे केले. याच सफदरने वर्षभरापूर्वी रायपूरचे सुपुत्र हबीब तन्वीर यांच्याबरोबर प्रेमचंदांच्या कथेवरून ‘मोटेराम का सत्याग्रह’ हे नाटक केले होते.

मराठीत नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ आणि नामदेव ढसाळ यांचे ‘गोलपिठा’ आहेतच. सुर्वे कोणालाही द्यावेत. ढसाळांची भाषा पहिल्या वाचनात अंगावर येते, म्हणून घाबरून पुस्तक मिटू नये.

परदेशातील फार थोडे पुरे. मेक्सिकोचे दिएगो रिवेरा यांचे आत्मकथन ‘माय आर्ट, माय लाइफ’ वाचताना मजा येते, मात्र त्यातल्या प्रत्येक बढाईवर विश्वास ठेवू नये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील भित्तिचित्रात त्यांनी 1933 मध्ये लेनिन काढला, तो पुसायला नकार दिला, तेव्हा पैसे चुकते करून काम थांबवले गेले आणि 1934 मध्ये चित्रच फोडले गेले. त्यांनी ते मेक्सिकोत पुन्हा रंगवले. मुलांना ज्याचे वेड असते तो ब्रिटनचा बँक्सी, त्याचे ‘वॉल अँड पीस’ हे 2005 चे पुस्तक चटकदार आहे. त्याच्यासोबत एवढेही सांगावे, की 2018 मध्ये लिलावात विकल्या क्षणी अर्धे फाटलेले त्याचे चित्र तीनच वर्षांनी कित्येक पट किमतीला विकले गेले. बंड विकतही घेता येते!

मुलगा वाचून थांबणार नाही, ब्रश उचलेल, हेही धरून चालावे. दुसऱ्याच्या भिंतीवर परवानगीशिवाय लिहिणे गुन्हा आहे. मध्य प्रदेशचा 1994 चा संपत्ती विरूपण निवारण कायदा छत्तीसगडलाही लागू आहे, महाराष्ट्रात 1995 चा कायदा आहे. घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी, किंवा घराच्या अंगणाची भिंत द्यावी. महाविद्यालयातील हस्तलिखित भित्तिपत्रकही वाईट नाही.

आणि सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न पडला तर सप्रे यांच्याच ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेपासून करावी. ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये 1901 साली आलेली ही कथा हिंदीतील पहिल्या कथांपैकी एक मानली जाते. जमीनदाराने झोपडी बळकावलेली एक म्हातारी नातीच्या चुलीसाठी तिथली टोपलीभर माती मागायला येते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. मग म्हातारी त्याला काय म्हणते, ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. दहा मिनिटेही लागत नाहीत.