बागेची राखण: दुनळी घ्यावी की पंप?

कुणकेश्वराच्या देवळाला समुद्र खेटून आहे आणि वर चढलात की जांभ्याचा सडा. देवगड हापूसच्या कित्येक बागा कातळ फोडून, बाहेरची माती भरून उभ्या राहिल्या. खालच्या मळ्यात रानडुकरे भात लोळवतात, वर वानर कैऱ्या ओरबाडतात. त्यामुळे कोणती बंदूक घ्यावी, हा इथल्या शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. गावोगावची पारध 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवली. पीक नासवणारा डुक्कर मारायचा तरी वन खात्याची लेखी परवानगी हवी. शस्त्र कायदा 1959 चा. तो शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक देतो. ती पुरत नाही हे अधिकाऱ्याला पटले, तरच काडतुसाची मिळते. तिची नळी 20 इंचांहून आखूड चालत नाही.

तरुण बागायतदारांचा ओढा पंप-बंदुकीकडे आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवे आत. ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर 1897 असो वा 1950 ची रेमिंग्टन 870, त्यांचा भरवसा इथेच आहे: सारे हाताच्या जोरावर चालते, म्हणून काडतूस कमी जोराचे निघाले तरी बंदूक अडत नाही. अडते ती माणूस घाईत मूठ अर्धवट ओढतो तेव्हा.

घेताना मूठ हलवून बघा. ती दोन पट्ट्यांनी जोडलेली असावी. एकाच पट्टीची पिळवटून अडकू शकते. नकली काडतुसे भरून हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी चालवा. जुनी विलायती बारा बोर असेल तर काडतुसाचे घर किती लांबीचे, ते कारागिराकडून मोजून घ्या. 65 मिलिमीटरच्या घरात 70 चे काडतूस बसते खरे. पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि नळीवरचा दाब धोक्याच्या पातळीला जातो. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसे घेतलीत तरी खोक्यावरची लांबी वाचाच.

एवढे असूनही कुणकेश्वरच्या बागेसाठी मी दुनळीच सुचवीन. ती बिजागरीवर मोडून उघडली की दोन्ही घरे डोळ्यांसमोर येतात. भरलेली की रिकामी, हे बाजूच्या गड्यालाही कळते. पंपाच्या खालच्या नळकांड्यात एखादे काडतूस राहून गेले तर बाहेरून पत्ता लागत नाही. राखणीला बार काढून जनावर पळवायचे असते, त्याला दोन बार पुष्कळ. आणि जांभ्याच्या गडग्यावर आपटलेला छर्रा कुठे उडेल याचा नेम नसतो. डुक्कर समजून सोबत्यालाच बार लागल्याच्या बातम्या कोकणात वाचायला मिळतात. झुडूप हलले म्हणून घोडा ओढणाऱ्याच्या हाती कोणतीच बंदूक सुरक्षित नाही.

हंगामात राखणीला नेपाळी गडी असतात. मालकाच्या नावची बंदूक त्यांच्या हाती देता येत नाही, हे खरेदीआधीच ध्यानात घ्यावे.

बाकी खारा वारा. तो दुनळी आणि पंप असा भेद करत नाही. चामड्याच्या म्यानात बंदूक कधी ठेवू नये, चामडे ओल धरते. ठासणीची असेल तर बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावी, कोरडी करून तेल द्यावे; काळ्या दारूची राख ओल ओढते आणि गंज चढतो. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आतून-बाहेरून तेल लावूनच द्या, आणि परत घेताना पावतीवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.