घाटांत अडलेली जुनी मोटार

मे महिन्याच्या दुपारीं शहाद्याहून तोरणमाळकडे निघालेली जुनी मोटार सपाटीवर मोठ्या डौलानें धांवते. परंतु सातपुड्यांत शिरून सातपायरी घाटाचीं वळणें सुरू झालीं कीं तिची चाल मंदावते, ती दोन-चार आचके देते आणि निश्चेष्ट होते. टांकींत पेट्रोल असतें, विजेची ठिणगीहि पडते. मग बिघडलें काय? पुष्कळ वेळां बिघडलेलें कांहींच नसतें; नळींतलें पेट्रोल उकळलेलें असतें.

हें विधान चमत्कारिक वाटेल खरें. पण पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे; तें अनेक द्रवांचें मिश्रण आहे, आणि त्यांतील हलके अंश ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच वाफ होऊं लागतात. नंदुरबार जिल्ह्यांत उन्हाळ्यांतली हवाच त्या आंकड्यापलीकडे जाते. मग तापलेल्या यंत्राशेजारच्या नळीची कथा काय! अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांत टांकी मागें आणि पंप पुढें, यंत्रालाच जोडलेला असे. हा पंप पेट्रोल ओढून घेतो. ओढलें कीं नळींतील दाब घटतो, आणि दाब घटला कीं द्रव अधिकच लवकर उकळतो. मग पंपाचा पडदा हलत राहतो, पण वाफ नुसती आकुंचन-प्रसरण पावते; पुढें कांहींच सरकत नाहीं. घाटांत खालच्या गिअरमध्यें यंत्र जोरानें फिरतें, गाडी मात्र रखडत चालते आणि वारा मिळत नाहीं. म्हणून हा प्रकार तेथेंच अधिक घडतो. आजच्या मोटारींत पंप टांकींतच असतो व तो पेट्रोल ओढीत नाहीं, दाबानें ढकलतो.

त्याहून जुन्या फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) गाडीला पंपच नव्हता. पेट्रोल बैठकीखालच्या टांकींतून केवळ आपल्या वजनानें उतरे. उभ्या चढावर तें यंत्रापर्यंत पोहोंचेना, म्हणून चालक गाडी उलटी वळवून चढ पाठमोरा चढत! आपल्या आजोबांच्या पिढीची ही युक्ति हास्यास्पद मुळींच नव्हती.

वाफेचा उपाय साधा आहे: यंत्रावरील झांकण उघडावें, पंपावर व नळीवर ओला फडका टाकावा आणि स्वस्थ बसावें. मात्र रेडिएटरचें पाणी उकळत असेल तर स्वस्थ बसण्यावांचून दुसरें कांहीं करूंच नये. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. तेथें पाणी ९६ अंशांच्या सुमारासच उकळतें. रेडिएटरची टोपी आंतील दाब राखून हा उकळबिंदु वर ठेवते. ती टोपी घाईनें काढली कीं दाब सुटतो आणि कढत पाणी तोंडावर उसळतें. तापलेल्या यंत्रांत एकदम थंड पाणी ओतल्यास लोखंडाला तडा जाण्याची भीति असते. मुलें तहानलेलीं, दिवस कलता, वस्ती विरळ. अशा वेळीं हात टोपीकडे जातो, आणि भाजलेल्या माणसाला घेऊन हाच घाट उतरावा लागतो.

आणखी एक नवी गोष्ट. भारतांत आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. त्याच्या संगतीनें हलक्या अंशांची वाफ अधिक सहज होते, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पडदे व नळ्या फुगून खराब होऊं शकतात. म्हणून आजोबांची गाडी बाहेर काढणारानें त्या नळ्या आधीं बदलून घ्याव्यात, पिण्याच्या पाण्याखेरीज एक डबा पाणी निराळें ठेवावें, आणि शहादें पहाटे सोडावें.