कापडातला उजेड आणि संगणकाचे चित्र

मलकापूरच्या बाजारात आम्ही कापड विकतो. शाहूवाडी तालुक्यात पावसाळा मोठा, दुकानात दिवसाही दिवे लावावे लागतात. तरी जाणते गिऱ्हाईक ताका दारापाशी नेते, कापडामागे हात धरते आणि बोटे किती दिसतात ते पाहते. अस्तर लागेल की नाही, याचा हिशेब तिथेच होतो.

गेल्या वर्षी हा हिशेब आमचाच चुकला. एका पेढीने कुर्त्याच्या कापडाची चित्रे मोबाईलवर पाठवली. कापड विणलेही नव्हते, चित्रे संगणकाने तयार केलेली. पोत भरीव दिसला, आम्ही वीस ताके मागवले. माल आला तो इतका विरळ की अस्तराशिवाय घालता येईना. निम्मा तोट्यात काढला. नमुना न पाहता सौदा आमच्या वडिलांनी कधी केला नसता.

संगणक असा का फसवतो, याची मग चौकशी केली. आमचे शिक्षण उर्दूतले. इंग्रजी मजकूर पुतण्याने समजावला. साध्या पद्धतीत उजेड वस्तूवर पडतो आणि तिथूनच परततो, असे संगणक धरून चालतो. दूध, संगमरवर किंवा माणसाची कातडी यांत उजेड आत शिरतो, भरकटतो आणि दुसऱ्याच जागेतून बाहेर येतो. ते न धरल्यास चेहरा प्लास्टिकचा वाटतो. या भरकटण्याचे गणित चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या प्रकाशासाठी १९५० च्या ग्रंथात मांडले होते. २००१ साली जेन्सन, मार्शनर, लेव्हॉय व हॅनराहान यांनी सोपी युक्ती काढली: प्रत्येक किरणामागे न धावता एक काल्पनिक दिवा पृष्ठभागाखाली आणि एक उलट्या चिन्हाचा वर मानायचा. २००४ साली यांपैकी तिघांना ऑस्करचा तांत्रिक सन्मान मिळाला.

कापड मात्र दुधासारखे एकजिनसी नाही. त्यात सूत आहे, फटी आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २०११ साली कापडाचे तुकडे सीटी स्कॅन करून धाग्यांची मांडणी मोजली गेली. त्या गटातील कविता बाला मुंबईच्या आयआयटीच्या पदवीधर. पुढच्याच वर्षी थोड्या स्कॅनवरून, न विणलेल्या नक्षीचे कापड कसे दिसेल, तेही त्यांनी दाखवले. म्हणजे खरे चित्र निघू शकते; पण मेहनत आणि वेळ फार. बाजारात फिरणारे प्रत्येक चित्र तसे नसते.

आता आम्ही चित्राबरोबर सुताचा नंबर आणि इंचातल्या ताणा-बाण्याच्या तारा लेखी मागतो. शिवाय वीतभर तुकडा. इचलकरंजीचा माल असेल तर तो दुसऱ्या दिवशी हातात येतो, आणि आम्ही तो घेऊन दारात जातो.