नवा प्लॅटफॉर्म आणि ‘अक्षरा’ची व्याख्या

विभागातील शब्दगणनेच्या आज्ञावली जुन्या प्लॅटफॉर्मवर ठेवाव्यात की नव्यावर न्याव्यात, हा प्रश्न वरकरणी यंत्रज्ञांचा वाटतो. भाषेच्या अभ्यासकाने तो सर्वस्वी त्यांच्यावर सोपवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पायथन या संगणकभाषेचे उदाहरण येथे पुरेसे व्हावे.

पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली. दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या आज्ञावली तीत जशाच्या तशा चालत नसत. दुसरीची देखभाल २०१५ साली थांबावयाची होती. ती मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावी लागली. या स्थलांतरातील एक मोठी अडचण मजकुराच्या कल्पनेचीच होती.

दुसऱ्या आवृत्तीत, वेगळी सूचना दिली नसेल तर, मजकूर म्हणजे बाइटांची रांग असे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाची लांबी तेथे १५ भरे. तिसरीत ती ५ भरते : म, र, काना, ठ आणि वेलांटी. वाचकास विचारावे, तर तो ३ म्हणेल. तिन्ही उत्तरे आपापल्या परीने खरीच आहेत. परंतु शब्दांच्या सरासरी लांबीवर प्रबंध लिहिणाऱ्याने आपण नेमके काय मोजले हे नोंदविले नसेल, तर प्लॅटफॉर्म बदलताच त्याची कोष्टके बदलतील आणि दोष कोठे आहे हे कोणासच सांगता येणार नाही.

नव्याने सर्व काही साधते, असेही नाही. २०१९ च्या ३.८ या आवृत्तीतही शब्द ओळखण्याचा अंगभूत संकेत स्वरचिन्हांना शब्दाचा भाग मानीत नाही. ‘मराठी’ त्याच्या स्वाधीन केल्यास ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात! त्यासाठी ‘रेजेक्स’ ही स्वतंत्र लायब्ररी जोडावी लागते. इंग्रजी मजकुरावर ही खोट दिसत नाही. म्हणून इतरांच्या प्रशस्तीवर विसंबणे आपल्याला परवडणारे नाही.

तेव्हा आपल्याच संग्रहातील दोन पाने घ्यावीत; त्यांत जोडाक्षरे, रफार, अनुस्वार असावेत. ती हाताने मोजावीत, मग दोन्ही आवृत्त्यांत चालवावीत आणि प्रत्येक फरकाचे कारण लिहून ठेवावे. कारण सापडत नाही तोवर स्थलांतर करू नये. जुन्यावर कायम राहणेही धोक्याचेच, कारण २०२० पासून तिच्यातील सुरक्षाविषयक दोष मूळ संस्थेकडून दुरुस्त होत नाहीत. माझा कौल नव्याच्या बाजूने आहे. मात्र जुनी आवृत्ती जाळ्यापासून तोडलेल्या एका संगणकावर, तिच्यावर आधारलेला शेवटचा प्रबंध तपासून होईपर्यंत, राखून ठेवावी.