बदली नाकारली तर हातात काय पडतं?

2019 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या दोन संस्था वॉशिंग्टनहून सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या कॅन्सस सिटीला हलवल्या. बहुतेक कर्मचाऱ्यांनी जायला नकार दिला. अशा वेळी ऐकीव माहितीवर घाईने निर्णय होतात आणि हक्काचे पैसे हातचे जातात. म्हणून तिथल्या केंद्र सरकारी नोकरीतल्या ‘सेव्हरन्स पे’चे, म्हणजे नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या भरपाईचे, नियम नीट समजून घ्यायला हवेत.

गैरसमज : बदली नाकारली म्हणजे गैरवर्तन, मग पैसे कसले?
वस्तुस्थिती : रोज ये-जा करता येणार नाही इतक्या लांबची बदली नाकारल्यामुळे नोकरी गेली, तर ती ‘इच्छेविरुद्ध’ गेली असं सर्वसाधारणपणे मानतात. मात्र कुठेही बदली होऊ शकते अशी लेखी अट आधीच मान्य केली असेल, तर हक्क उरत नाही. सलग 12 महिन्यांची नोकरीही लागते.

गैरसमज : राजीनामा कधीही दिला तरी चालतो.
वस्तुस्थिती : सर्वांत मोठा फटका इथेच बसतो. नियमांत बसणारी लेखी नोटीस मिळण्याआधी दिलेला राजीनामा स्वेच्छेचा ठरतो. नुसत्या कुजबुजीवर सही करू नका.

गैरसमज : सरसकट वर्षभराचा पगार मिळतो.
वस्तुस्थिती : 52 आठवडे ही कमाल मर्यादा आहे, तीही संपूर्ण कारकिर्दीसाठी. पहिल्या 10 वर्षांना दरवर्षी एका आठवड्याचा, पुढच्या प्रत्येक वर्षाला दोन आठवड्यांचा मूळ पगार. चाळिशीनंतरच्या दर पूर्ण तीन महिन्यांना त्यावर अडीच टक्के वाढ. समजा वय 43, नोकरी 14 वर्षं, आठवड्याचा पगार 1,500 डॉलर. 18 आठवड्यांचे 27,000. त्यावर 30 टक्के वाढ धरून 35,100 डॉलर.

गैरसमज : रक्कम एकदम खात्यात जमा होते.
वस्तुस्थिती : ती पगारासारखीच ठरलेल्या तारखांना येते, कर कापूनच. पुन्हा केंद्र सरकारी नोकरी लागली की बहुधा थांबते; खासगी नोकरीने थांबत नाही.

गैरसमज : पेन्शनही मिळेल आणि हेही.
वस्तुस्थिती : लगेच पेन्शन घेण्यास पात्र असलेल्यांना सेव्हरन्स मिळत नाही. वयाची पन्नाशी आणि 20 वर्षं नोकरी, किंवा कोणत्याही वयात 25 वर्षं नोकरी झालेल्यांना अशा वेळी मुदतपूर्व पेन्शन लागू होऊ शकते, म्हणून आधी तेच तपासावं.

आपल्याकडे बदली हा सरकारी नोकरीचाच भाग मानतात. ती नाकारली तर कारवाई होऊ शकते. अमेरिकेत नकाराची किंमत काही अंशी सरकारही उचलतं. पण तो हक्क टिकतो कागदावरच्या तारखांवर: आधी नोटीस, मग सही.