बँडगॅप संदर्भ-परिपथ आणि अल्प विभवांतराचा प्रश्न

मापन करणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणात एक स्थिर विभवांतर प्रमाण म्हणून गृहीत धरलेले असते. मोजावयाची राशी त्याच्याशी ताडून पाहिली जाते. म्हणून ते प्रमाण ढळले की पुढील प्रत्येक आकडा ढळतो, आणि उपकरणास त्याचा पत्ताही लागत नाही. वाराणसीत पौषातील पहाटे पारा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो, तर ज्येष्ठातील दुपारी ४५ अंशांपर्यंत चढतो. गंगाकाठी उघड्यावर ठेवलेल्या जलपातळीमापकाने दोन्ही ऋतूंत समान पातळी समानच दाखवावी, ही अपेक्षा साधी वाटली तरी तिची पूर्तता साधी नाही.

याचे कारण असे की, सिलिकॉनमध्ये तापमानाने न बदलणारे विभवांतर आयते मिळत नाही. स्थिर धारा वाहणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेस व एमिटर यांमधील विभवांतर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. ४० अंशांच्या फरकात ही घट ८० मिलिव्होल्ट होते. याउलट, समान धारा एका ट्रान्झिस्टरमधून आणि तशाच ८ ट्रान्झिस्टरांच्या समूहातून वाहू दिली, तर त्यांच्या विभवांतरांतील फरक दर अंशाला सुमारे ०.१८ मिलिव्होल्टने वाढतो. हा फरक ११ पट करून पहिल्या विभवांतरात मिळविला म्हणजे घट व वाढ परस्परांची भरपाई करतात. ही बेरीज सुमारे १.२ व्होल्ट भरते. सिलिकॉनच्या ऊर्जा-अंतरालाशी तिचे नाते असल्यामुळे या परिपथास 'बँडगॅप' हे नाव पडले. रॉबर्ट विडलर यांनी १९७१ मध्ये आणि पॉल ब्रोकॉ यांनी १९७४ मध्ये त्याला व्यवहार्य रूप दिले.

परंतु दीड व्होल्टचा एक सेल वापरता वापरता ०.९ व्होल्टपर्यंत खाली येतो, त्यातून १.२ व्होल्टचे प्रमाण कसे काढावे? बान्बा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी विभवांतरांची बेरीज न करता धारांची बेरीज केली. घटणारे व वाढणारे विभवांतर रोधकांच्या साहाय्याने धारांत रूपांतरित करावयाचे आणि त्यांची बेरीज आणखी एका रोधकातून वाहू द्यावयाची. त्या रोधकाच्या निवडीनुसार अर्ध्या व्होल्टचेही प्रमाण मिळते. येथे रोधकांच्या मूल्यांपेक्षा त्यांची परस्पर गुणोत्तरे निर्णायक असल्याने, एकाच जातीच्या रोधकांचे तापमानजन्य बदल बहुतांशी निष्प्रभ ठरतात.

तथापि दोन दक्षता आवश्यक असतात. ॲम्प्लिफायरमधील ५ मिलिव्होल्टची तफावतही सुमारे ११ पट होते आणि १.२ व्होल्टच्या बेरजेत सुमारे साडेचार टक्क्यांची चूक शिरते. म्हणून निर्मितीनंतर प्रत्येक चिप स्वतंत्रपणे जुळवून घ्यावी लागते. दुसरे असे की, धारा शून्य असतानाही हा परिपथ संतुलित राहू शकतो. त्याला त्या अवस्थेतून बाहेर काढणारा प्रारंभक जोडावा लागतो. त्यातच थंडीत बेस-एमिटर विभवांतर वाढते आणि अल्पशा पुरवठ्यातील उरलेला अवकाशही आक्रसतो. यास्तव अशा परिपथाची खरी कसोटी ज्येष्ठातील दुपारी नव्हे, तर पौषातील पहाटे, उतरलेल्या सेलवर घ्यावी लागते.