कोल्हापूरचा असून दूध पचत नाही?

कोल्हापुरात गंगावेशच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळ, कोमट दुधाचा ग्लास थेट हातात येतो. तालमीतल्या मल्लापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे तो उभ्याउभ्याच रिकामा करतात. ज्याचं पोट तासाभरात गुडगुडू लागतं, त्याला मात्र ऐकावं लागतं, "कोल्हापूरचा असून दूध पचत नाही?"

हा टोमणा चुकीचा आहे. दूध न पचणं हा अशक्तपणा नव्हे. दुधातली लॅक्टोज ही साखर फोडणारं लॅक्टेज नावाचं विकर तान्ह्या बाळांच्या आतड्यात भरपूर असतं. वय वाढेल तसं ते कमी होत जाणं ही माणसाची मूळ रीत आहे. जगातल्या बहुसंख्य प्रौढांचं असंच होतं. ज्यांना ते आयुष्यभर पुरतं, त्यांच्या डीएनएत एका अक्षराचा बदल झालेला असतो. भारतात आढळणारा मुख्य बदल युरोपातलाच आहे. देशाच्या वायव्येला त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. गुरं पाळून दूध पिणाऱ्या समाजांत तो हजारो वर्षांत पसरला. जनुकं ताट ठरवतात, तसं ताटही पिढ्यान्‌पिढ्या जनुकं निवडत आलं आहे.

'उकळलं की पचतं' हाही भ्रमच. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून दूध उकळावंच; लॅक्टोज मात्र तशीच राहते. दह्यात ती कमी होते, कारण विरजणातले जिवाणू तिच्यावरच जगतात. शिवाय लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना जेवणासोबत कपभर दूध सोसतं.

आणखी एक गैरसमज खिशाला जड आहे: लाळेचा नमुना द्या, जनुकांनुसार वजन घटवणारा आहार मिळेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. कमी चरबीचा आहार कुणाला मानवेल आणि कमी कर्बोदकांचा कुणाला, हे तपासलेल्या जनुकांवरून सांगता आलं नाही.

पैसे गेले तर गेले. माहिती गेली, तर ती परत येत नाही. जनुकांचा अहवाल कधीच एकट्याचा नसतो. त्यात आईवडील, भावंडं, मुलंही असतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. जनुकांवरून विमा नाकारण्याचा प्रश्न तर आपल्याकडे न्यायालयात पोहोचला आहे. आनुवंशिक विकार सरसकट वगळणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भेदभावाची ठरवली. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

म्हणून लाळेची कुपी पाठवण्याआधी कंपनीला लेखी विचारा: नमुना किती दिवस ठेवणार, माहिती कुणाला देणार आणि सांगितल्यावर ती पुसणार का?